तेजीत मरण, मंदीतही मरण

इंदूरच्या माणसाला तेजी-मंदी शिकवावी लागत नाही. ज्या शहरात अफूच्या पेट्यांवर आणि कापसाच्या गाठींवर सौदे झाले, जेथे एका तारेसरशी कोणाची हवेली उभी राहिली आणि कोणाची गहाण पडली, तेथील जुन्या घरांना एवढे पक्के ठाऊक असते, की मालाचा भाव माल पिकतो तेथे ठरत नाही. माळव्याच्या अफूचा भाव चीनच्या बंदरांत ठरे. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६५ साली ती संपली आणि मुंबईच्या पेढ्या एकामागून एक बसल्या. ज्याने कापूस पिकवला त्याने ना अमेरिका पाहिली होती, ना लिव्हरपूल.

आज वाचकांपुढे असाच एक बाजार मांडावयाचा आहे. तो आपल्या परिचयाचा नाही. उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ रानात सापळ्यांनी धरलेल्या जनावरांच्या केसाळ कातड्यांचा, म्हणजे ज्याला आपण इंग्रजी शब्दानेच ‘फर’ म्हणतो, तिचा हा बाजार. आपला कातड्याशी संबंध मुंजीतल्या मृगाजिनापुरता, आणि फार तर एखाद्या सरदारी वाड्यातील भिंतीवरच्या वाघाच्या कातड्यापुरता. तेव्हा हे प्रकरण आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. पण साडेतीनशे वर्षांचा हा हिशेब वाचू लागलो, तेव्हा भाव नावाच्या वस्तूविषयी माळव्याने मला जे शिकवले होते, त्याच्या पुढचा धडा तेथे सापडला.

माझी मुलगी कॅनडात विनिपेग येथे राहते. तिच्याकडे गेलो असता तेथील संग्रहालयात ‘नॉनसच’ नावाच्या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती पाहिली. जहाज एवढेसे, की आपल्या राजवाड्याच्या चौकात सहज मावावे. मूळ जहाज १६६८ साली लंडनहून निघाले, हडसनच्या उपसागराकाठी त्याच्या माणसांनी हिवाळा काढला, आणि दुसऱ्या वर्षी ते कातडी भरून परतले. ते सुखरूप परतले म्हणून २ मे १६७० रोजी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने हडसन्स बे कंपनीला सनद दिली. उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांच्या खोऱ्यांत व्यापाराचा मक्ता या कंपनीचा. हा मुलूख आजच्या कॅनडाच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठा होता. याच राजाने दोन वर्षे आधी, १६६८ साली, मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने देऊन टाकले होते. ज्यांचा मुलूख होता त्यांना दोन्हीकडे कोणी विचारले नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक टोपी होती. बीव्हर नावाचा एक प्राणी आहे. उंदीर-घुशींच्या कुळातला, पण चांगल्या कुत्र्याएवढा. दातांनी झाडे पाडून ओढ्याला बांध घालतो आणि पाण्यात घर करतो. त्याच्या कातड्यावर वर लांब राठ केस आणि खाली दाट मऊ लव असते. त्या लवेच्या तंतूंना अतिसूक्ष्म काटे असतात, त्यामुळे ओल, ऊब आणि दाब मिळाला की ते एकमेकांत घट्ट गुंतून त्यांचा उत्तम नमदा होतो. त्या नमद्याची टोपी पावसात लिबलिबत नाही आणि आकार सोडत नाही. युरोपातील प्रतिष्ठित पुरुषाच्या डोक्यावर ती असलीच पाहिजे, असा दंडक झाला. युरोपातील बीव्हर या टोपीपायी संपत आले, आणि म्हणून व्यापाऱ्यांनी समुद्र ओलांडला.

त्या व्यापारातील एक गंमत सांगण्याजोगी आहे. अगदी सुरुवातीच्या काळात नव्या कातड्यापेक्षा वापरलेल्या कातड्याला अधिक भाव होता. तेथील आदिवासी बीव्हरची कातडी शिवून केसांची बाजू आत करून अंगावर वागवीत. वर्ष-दोन वर्षांच्या घामाने आणि घर्षणाने वरचे राठ केस झडून जात आणि नुसती लव उरे. टोपीवाल्याचे निम्मे काम आयतेच होई. ज्या जुनेराची आपल्याकडे बोहारणीने भांडी दिली असती, त्याचे पैसे पॅरिसचा व्यापारी चढाओढीने मोजत होता. आदिवासींना या वेडाचे नवल वाटले नसेल तरच नवल.

कंपनीने हिशेबाला नाणे ठरवले तेही बीव्हरचेच. हिवाळ्यात धरलेल्या पूर्ण वाढीच्या बीव्हरचे एक चांगले कातडे म्हणजे एक माप. बंदूक हवी तर साधारण दहा-बारा मापे, कांबळे हवे तर त्याहून कमी. कोल्हा, लिंक्स, मस्करॅट यांची कातडीही याच मापात मोजली जात. पुढे कंपनीने या मापाचे पितळी बिल्लेही पाडले. भाव कागदावर वर्षानुवर्षे तोच राही. पण दारू मोजताना, कापड मोजताना हात किंचित आखडता घेतला की खरा भाव बदले. मापात मारणे ही कला काही आपल्याच बाजारपेठांची मिरास नाही!

आता या बाजाराचे हेलकावे पाहा. फ्रेंच व्यापाऱ्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस एवढी कातडी गोळा केली, की फ्रान्सात ती खपेनात. अखेर १६९६ साली चौदाव्या लुई राजाने पश्चिमेकडील ठाणीच बंद करण्याचा हुकूम काढला. पुढे अठराव्या शतकात फ्रेंच आणि इंग्रज यांच्यात चुरस लागली तेव्हा भाव चढला. ॲन कार्लोस आणि फ्रँक लुइस या अर्थशास्त्रज्ञांनी कंपनीच्या जुन्या वह्या चाळून असे दाखवले आहे, की भाव चढताच आदिवासींनी अधिक बीव्हर मारले आणि ठाण्यांभोवतालच्या रानांतील बीव्हर झपाट्याने कमी झाले. यात त्यांचा मूर्खपणा नव्हता. दोन खरेदीदार दारात उभे असताना, आपण सोडलेले जनावर उद्या दुसरा धरील हे ज्याला कळते, तो राखून ठेवील कशाला?

हीच गोष्ट कंपनीच्या साहेबांनी पुढे अधिक थंड डोक्याने केली. १८२१ साली हडसन्स बे कंपनी आणि तिची प्रतिस्पर्धी नॉर्थ वेस्ट कंपनी एक झाल्या. जॉर्ज सिम्प्सन हा कारभारी झाला. जेथे मक्ता निर्वेध होता, तेथे त्याने बीव्हरची संख्या वाढावी म्हणून शिकारीला मर्यादा घालण्याचा प्रयत्न केला. आणि पश्चिमेस, स्नेक नदीच्या खोऱ्यात, जेथे अमेरिकन सापळेवाले येऊ घातले होते, तेथे नेमका उलट हुकूम दिला: एकही बीव्हर शिल्लक ठेवू नका, म्हणजे अमेरिकनांना पुढे यायला कारणच उरणार नाही. १८२४ पासून पीटर स्कीन ऑग्डेन याच्या टोळ्यांनी वर्षामागून वर्षे ते काम केले. कंपनी एक, साहेब एक, प्राणी तोच. जेथे मालकीची खात्री तेथे जतन, जेथे स्पर्धा तेथे निःपात.

मग बीव्हरला वाचवले कोणी? दयेने नव्हे, रेशमाच्या किड्याने. १८४० च्या सुमारास रेशमी टोपीची टूम निघाली आणि बीव्हरचा भाव घसरला. लंडनच्या पुरुषांनी डोक्यावरची वस्तू बदलली आणि हजारो कोसांवरच्या ओढ्यांत जीव वाचले. तेवढ्यापुरते वाचले, असे म्हणावे लागते. कारण पुढे फरच्या कोटांची आणि गळपट्ट्यांची टूम आली, आणि १९३० च्या आसपास कॅनडातील कितीतरी रानांत बीव्हर औषधालाही मिळेनासा झाला.

फरच्या सट्ट्याची कथाही इंदूरकरांना रुचेल. कॅनडाच्या पूर्वेस प्रिन्स एडवर्ड नावाचे बेट आहे. तेथे चार्ल्स डाल्टन आणि रॉबर्ट ऊल्टन या दोघांनी रुपेरी झाक असलेले काळे कोल्हे पिंजऱ्यात वाढवण्याची युक्ती साधली आणि ती बरीच वर्षे आपल्या गोटात गुप्त ठेवली. १९१० च्या लंडनच्या लिलावात डाल्टनच्या कातड्यांना डोळे दिपवणारा भाव आला आणि बिंग फुटले. मग कातडे राहिले बाजूला. पैदाशीच्या जोड्याच हजारो डॉलरांना विकल्या जाऊ लागल्या, न जन्मलेल्या पिलांचे वायदे झाले. १९१४ साली युद्ध सुरू झाले आणि तो फुगा फुटला.

या बाजाराचा एक धागा आपल्या देशापर्यंतही येतो. १९७२ साली आपल्याकडे वन्य जीव संरक्षणाचा कायदा झाला. १९७३ साली वॉशिंग्टन येथे दुर्मीळ प्राण्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार झाला, १९७५ साली तो अंमलात आला आणि १९७६ साली भारत त्यात सामील झाला. बिबट्या आणि इतर ठिपक्यांच्या मार्जारांची कातडी युरोपच्या बाजारातून हटली. ही गोष्ट योग्यच झाली. परंतु ठिपक्यांची हौस कायद्याने जात नाही. व्यापाऱ्यांची नजर अमेरिकेतील बॉबकॅट या रानमांजराकडे वळली. त्या दशकाच्या आरंभी ज्याचे कातडे दहा-वीस डॉलरांत मिळे, त्याने दशकाच्या अखेरीस शंभराची मजल ओलांडली. आपला बिबट्या वाचला, त्याची किंमत दुसऱ्या खंडातल्या मांजराने दिली.

अलीकडच्या काळातील चढउतार तर आणखी वेगाचे. मुलीच्या शेजारी एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. आयुष्यभर शाळेत शिकवले आणि जोडीला दर हिवाळ्यात सापळे लावले. त्यांच्याकडे बसून मी हा व्यवसाय समजावून घेतला. कातडे हिवाळ्यातच घ्यायचे, कारण तेव्हाच केस दाट असतात. ते सोलायचे, चरबी खरवडायची, फळीवर वा चौकटीवर ताणून सुकवायचे. आकार, रंग, दाटपणा, चीर पडली आहे की नाही, यावरून प्रतवारी ठरते. मग माल अडतीवर लिलावाला जातो, आणि तेथे चीन, इटली, ग्रीस अशा ठिकाणचे खरेदीदार बोली लावतात. ग्रीसमध्ये कास्तोरिया नावाचे गाव तर फरचे तुकडे जोडण्याच्या कसबावरच शतकानुशतके जगले आहे.

२०१३ साली मस्करॅट या लहानशा पाणउंदराच्या कातड्याला लिलावात दहा डॉलरांहून अधिक सरासरी भाव आला. चीनमध्ये नवश्रीमंतांची गर्दी होती, रशियात तेलाचा पैसा होता, फर शिवणारे कारखाने रात्रंदिवस चालत होते. ते पाहून जगभरच्या पैदासकारांनी पिंजऱ्यात मिंक भरमसाट वाढवले. २०१४ साली खनिज तेल उतरले, रूबल कोसळला, चीनमध्ये बड्या अधिकाऱ्यांच्या भेटवस्तूंवर सरकारची वक्रदृष्टी झाली. मिंक निम्म्यावर आले आणि मस्करॅट दोन-तीन वर्षांत तीन-चार डॉलरांवर. रानात काहीही बदलले नव्हते. तळी तीच, बर्फ तेच. मास्तरांचा हिशेब सोपा होता. दहा डॉलर मिळाले तर बर्फगाडीचे पेट्रोल सुटते, तीन मिळाले तर सुटत नाही. त्यांनी सापळे गंजू दिले, कारण त्यांना पेन्शन होती. उत्तरेकडील आदिवासी वस्त्यांत पुष्कळांना अशी पेन्शन नाही, नोकऱ्याही थोड्या.

पुढची पडझड तर लागोपाठ झाली. २०१९ साली टोरांटोची मोठी लिलाव कंपनी बुडीत निघाली. हडसन्स बे कंपनीने १९८७ साली विकलेल्या लिलावाचीच ती वारस. २०२० साली साथीच्या भयाने डेन्मार्कने दीड कोटीहून अधिक मिंक मारून टाकले. गरम कोटांच्या टोपड्यांना कायोटीची झालर लावणाऱ्या एका प्रसिद्ध कॅनेडियन कंपनीमुळे त्या कोल्ह्यासारख्या प्राण्याला तेजी आली होती. २०२१ साली तिने फर सोडण्याचे जाहीर केले आणि ती तेजीही ओसरली. २०२३ पासून कॅलिफोर्नियात नवी फर विकण्यास बंदी आहे.

यावर आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात सहज येईल, की झाले ते बरेच झाले. माझ्याही मनात तेच आले. पायाला धरणारा पोलादी सापळा काय करतो, याचे वर्णन मी येथे करीत नाही; सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्र वाचले जाते. फ्रँक कॉनिबेअर नावाच्या एका सापळेवाल्यालाच ते हाल पाहवेनात, म्हणून त्याने तत्काळ मारणारा सापळा शोधून काढला. १९५० च्या दशकात तो बाजारात आला. १९९७ साली युरोप, कॅनडा आणि रशिया यांच्यात सापळ्यांच्या कसोट्यांचा करारही झाला. तरीही मरण ते मरणच.

पण मास्तरांनी एक गोष्ट सांगितली ती मनातून जाईना. बीव्हर आता पुन्हा मुबलक झाले आहेत. त्यांचे बांध रस्ते बुडवतात, रेल्वेचे भराव खचवतात. कातड्याला भाव होता तेव्हा सापळेवाला स्वखुशीने येई, हिवाळ्यात येई, मोजके धरी आणि कातडे, मांस, सारे उपयोगात आणी. आता भाव नाही, म्हणून कोणत्याही ऋतूत पैसे देऊन माणूस बोलवावा लागतो. तो बीव्हर मारतो आणि पुष्कळदा तसाच टाकून देतो. म्हणजे भाव चढला तेव्हा तो प्राणी धन म्हणून मेला आणि भाव पडल्यावर उपद्रव म्हणून मरतो आहे. गंमत अशी, की आज कातड्यापेक्षा त्याच्या शेपटीजवळच्या गंधग्रंथींना पुष्कळदा अधिक पैसे मिळतात. आपल्याकडच्या युनानी हकिमांच्या कपाटात ‘जुंदबेदस्तर’ म्हणून जी वस्तू असे, तीच ही. आणि उत्तम बीव्हर-कातडी आजही घेतात ते मुख्यतः टोपीवालेच. काऊबॉयच्या रुंद काठाच्या टोपीला अद्याप तोच नमदा लागतो.

दयेचाही बाजारभाव असतो, हे सीलच्या प्रकरणात दिसले. पांढऱ्या पिलांची हत्या पाहून युरोप हळहळला आणि १९८३ साली त्या पिलांच्या कातड्यांची आयात तेथे बंद झाली. ध्रुवप्रदेशातील इन्युइट लोक पिले मारीत नसत. ते मोठे सील मारून खात आणि कातडे विकून बंदुकीच्या गोळ्या, पेट्रोल घेत. कायद्याने त्यांच्या मालाला हात लावला नव्हता. पण बाजाराला अपवाद वाचता येत नाहीत. सीलचे कातडे म्हणताच गिऱ्हाईक पाठ फिरवू लागले, भाव कोसळला, आणि ज्या वस्त्यांनी कधी कोणाकडे हात पसरला नव्हता त्या सरकारी मदतीवर आल्या. आपल्या इंदुरातील कापड गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद झाले, तेव्हा परदेशीपुऱ्यातील ज्या चुली विझल्या, त्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचा अर्थ अधिक सांगायला नको.

मग मार्ग कोणता? चढा भाव संहार करतो, पडता भाव बेफिकिरी आणतो. माझ्या वाचनात आलेल्या साऱ्या इतिहासात एकच उदाहरण असे दिसले, की जेथे जनावराचे मोल लंडनच्या किंवा शांघायच्या भावावर सोडले गेले नाही. जेम्स उपसागराच्या काठी रूपर्ट हाउस नावाचे ठाणे होते. १९३० च्या दशकात तेथील बीव्हर जवळजवळ संपले होते आणि क्री आदिवासी उपाशी मरत होते. कंपनीचे तेथील कारभारी जेम्स वॅट आणि त्यांच्या पत्नी मॉड वॅट यांनी खटपट करून क्यूबेक सरकारकडून एक मोठे रान राखीव करून घेतले. काही वर्षे तेथे एकही बीव्हर मारायचा नाही असे ठरले. प्रत्येक कुटुंबाचा परंपरागत रानाचा वाटा मान्य केला गेला, आणि त्या वाट्यातील जाणत्या माणसावर एक काम सोपवले: दर वर्षी बीव्हरची घरे मोजायची. घरे किती, त्यावरून पुढे किती धरायचे ते ठरे. बीव्हर वाढले, माणसेही सावरली, आणि ही पद्धत आसपासच्या रानांत पसरली.

ती घरे काही नव्याने मोजली गेली असे नाही. कोणत्या ओढ्यावर किती बीव्हर आहेत आणि कोणते तळे यंदा विसाव्याला सोडायचे, हे क्री वडीलधाऱ्यांना कंपनी येण्याच्या आधीपासून कळत होते. मधल्या अडीचशे वर्षांत त्यांच्या त्या मोजणीवर लंडनची मोजणी चढून बसली होती, एवढेच.

हडसन्स बे कंपनीची अखेरची दुकाने १ जून २०२५ रोजी बंद झाली आणि कर्ज फेडण्यासाठी चार्ल्स राजाची ती सनदही विक्रीस निघाली. रानातील फरचा मोठा लिलाव आता ओंटारिओतील नॉर्थ बे या गावी भरतो. १९९१ साली उभी राहिलेली ती संस्था सापळेवाल्यांच्या आणि आदिवासींच्या स्वतःच्या मालकीची आहे. तेथेही भाव बाहेरूनच येतो आणि बहुतेक साली तो पडलेलाच असतो. परंतु जेम्स उपसागराच्या काठी क्री लोकांत रानाचा वाटा सांभाळणारा तो मोजणीदार आजही आहे. त्याच्या रानातून रस्ता न्यायचा असो की धरण बांधायचे असो, पहिल्याने त्याला विचारण्याची तेथे रीत आहे. ओढ्यावर घरे किती, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.